बटण नावाची बाई

२५ जून

भाचीबाई,

फोन असताना मामी पत्र का लिहिते, असं तुझ्या मनात येईल. आमच्या घरात फोन एकच आणि तो हल्ली तुझ्या मामांच्या खिशात असतो. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. म्हणून उत्तरही घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. रुग्णालयाच्या शिवणखोलीचा पत्ता खाली दिलाय. इथे मी, माझं मशीन आणि फाटक्या चादरींचा ढीग एवढेच असतो, आणि ढीग चहाडी करत नाही.

तर गोष्ट अशी. चष्म्याच्या दुकानातले भागीदार जुलैअखेर निघाले. मुलीकडे राहायला जाणार, कायमचे. त्या दुकानात आजवर पडद्यापुढे ते आणि पडद्यामागे तुझे मामा, हे तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाशी ते बोलणार, डोळे ते तपासणार, "आता खालची ओळ वाचा" ते म्हणणार. मामा मागे बसून काचा घासणार. काचेशी बोलावं लागत नाही. आता पुढे कोण बसणार हा प्रश्न आहे. भागीदार भले आहेत, ते म्हणतात, तुम्हालाही तपासता येतं, तुम्ही बसा. नाही जमलं तर माझा पुतण्या येईल. तो पुतण्या मी पाहिलाय. मामांशी तो मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो. अरे, त्यांची जीभ अडते, कान नाही अडत.

मामांनी मला न सांगता एक केलं. अडखळत बोलणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, त्यात गेले. तिथे खरी नावं नाहीत, प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. हे 'भिंग' झालेत. रविवारी सगळे जमतात, चेहरा न दाखवता, नुसत्या आवाजाने. एरवी एकमेकांना बोलके निरोप पाठवतात. वाचाउपचार करणाऱ्या एक बाई तो गट चालवतात. अट एकच, ज्याची जीभ अडते त्यानेच यायचं. मागे एकजण खोटं अडखळत आत शिरला, सगळ्यांचे आवाज टिपून घेतले आणि त्यांवर हसण्याचा आवाज चढवून चारचौघांत पसरवले. तेव्हापासून ही अट फार कडक पाळतात. हे सगळं मला कसं कळलं ते विचारू नकोस. आमचं आतलं दार पातळ आहे.

आता रडगाणं. मामा दर रविवारी दार लावून बसतात आणि नुसतं ऐकतात. चकार शब्द बोलत नाहीत. तिथे बोलले नाहीत तर दुकानात काय बोलणार? तू आवाजाचं काम करतेस. तुझं ते ऐकतात. काहीतरी कर गं.

तुझी मामी


८ जुलै

मामी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, कोणी आजारी आहे, मग वाचून हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी मामाला लगेच कळवलं, की गटाबद्दल मला ठाऊक आहे, बोल ना तिथे. (घाबरू नकोस, तुझं नाव नाही घेतलं. मीच त्याला असे गट शोधून दिले होते मागे.) त्याने लिहून पाठवलं, "तिथे सगळे माझ्यापेक्षा बरे बोलतात. अडखळणाऱ्यांतही मी शेवटच्या बाकावर आहे." हे वाचलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, शेवटच्या बाकावर त्याच्या शेजारी कोणीतरी बसायला हवं.

मामी, ते कोणीतरी मी आहे. शांतपणे वाच.

जीभ अडते असं बाईंना लिहून कळवलं आणि गटात आधी नुसतं ऐकत बसले. श्वास कुठे कोंडतो, शब्द गळ्यात कसा धरून ठेवला जातो, अवघड शब्द दिसला की माणूस आडवाटेने दुसरा कसा घेतो, ते सगळं घोकलं. मग एक बाई तयार केली. वयाने पोक्त, घोगऱ्या आवाजाची. टोपणनाव 'बटण'. काम काय सांगायचं ते सुचेना, तेव्हा तुझंच उसनं घेतलं. बटण एका रुग्णालयात चादरी आणि अभ्रे शिवते. अडखळणं मामाहून थोडं जास्त ठेवलं, फार नाही, शंका येईल म्हणून.

परवा रविवारी मी पहिल्यांदा बोलले. नुसतं टोपणनाव सांगायला मी कितीतरी वेळ लावला. सगळे थांबून राहिले. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी घसा खाकरला नाही. मी इतकी वर्षं माइकपुढे उभी राहते, पण असं कोणी माझी वाट पाहत ऐकलं नव्हतं.

आणि बैठक संपल्यावर 'भिंग'चा निरोप आला. टाइप केलेला नाही, बोललेला. "घा-घाई नाही. आम्ही आहोत." बस, एवढंच. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला.

खोटं आहे, मला कळतं. पण मी कोणाला हसायला गेलेले नाही. मामा बोलता झाला की बटण गुपचूप निघून जाईल.

तुझी
भाचीबाई


१२ जुलै

भाचीबाई,

तुझं पत्र वाचून मी आधी दाराला कडी घातली. काय डोकं म्हणायचं हे तुझं. कळलं तर काय होईल याचा विचार केलास का? अट काय आहे ते मीच तुला लिहिलं होतं, आणि तू नेमकी तीच मोडून बसलीस.

हे झालं रागाचं. आता खरं सांगते. तुझे मामा बोलतात गं. दाराआडून मला ऐकू येतं. बटणाला निरोप पाठवायचा म्हणून आधी पुटपुटत तयारी करतात, मग बोलतात, मग पसंत पडत नाही म्हणून पुसतात आणि परत बोलतात. लग्न झाल्यापासून त्यांचा इतका आवाज मी एका आठवड्यात ऐकलेला नाही.

काल तर कहर झाला. मी भाजी निवडत होते. हे समोर येऊन बसले आणि विचारायला लागले, "बॉ-बॉबिनमधला दोरा गुंततो, तो कशाने?" मी हातातलं सोडून बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्या मशीनला चाक आहे की नाही, हे त्यांनी विचारलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी सगळं सांगितलं, दोऱ्याचा ताण, सुईचा नंबर, जाड कापडाला काय करायचं, ओलसर चादर आली की कशी गंमत होते. ते मन लावून ऐकत होते. मग उठले, आत गेले, दार लावलं, आणि माझंच सगळं बटणाला सांगू लागले. तिचं मशीन त्रास देतंय ना, म्हणून.

मी परत भाजी निवडायला घेतली. आता मला सांग, मी नवऱ्यावर रागवू की तुझ्यावर, की त्या नसलेल्या बाईवर? तिला मशीन बिघडल्याचं सांगायची गरज काय होती? जरा बेताने घे. माझी नोकरी घेतलीस तेवढी पुरे.

मामी


१५ जुलै

मामी,

मशीनचं चुकलं. बोलायला काही विषय हवा होता म्हणून बिघडवलं. उद्या दुरुस्त करते.

पण मला आता बाहेर पडू दे. माझं कशात लक्ष लागत नाही. दर थोड्या वेळाने फोन उचलते, ठेवते, परत उचलते. मामाचं ठीक होतं, तो आपला आहे. पण बटणाशी बाकीचेही बोलायला लागलेत. पोक्त बाई, त्यातून सगळ्यांत जास्त अडखळणारी, तिच्यापुढे माणसं मन मोकळं करतात. 'टपाल' म्हणून एकजण आहे, टपालखात्यात पत्रं वेगळी करतो. त्याने काल मला सांगितलं की मुलीचं नाव त्याने ठेवलं ते आवडलं म्हणून नाही, जिभेला सोपं पडतं म्हणून. बायकोच्या मनातलं नाव वेगळं होतं. ते त्याला म्हणताच येईना, तेव्हा 'मला आवडत नाही' असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. बायकोला हे अजून ठाऊक नाही. मला सांगितलं, कारण मला कळेल.

आणि मी त्याला उत्तर दिलं, मामी. नीट अडखळत, योग्य जागी श्वास कोंडून. फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या कपाटातलं काढून घेतल्यासारखं वाटलं.

वर दुसरंच काहीतरी व्हायला लागलंय. तुला माहीत आहे, मी सध्या मुलांच्या मालिकेत बदकाचा आवाज देते. आज बदकाचं अगदी साधं वाक्य होतं आणि ते माझ्या गळ्यात अडकलं. सोंग नव्हे, खरंच. साउंडवाला काचेपलीकडून म्हणाला, "काय गं, बदकाला काय झालं?" सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य मी उद्यावर ढकललं.

येत्या रविवारी बटण सगळ्यांचा निरोप घेईल. दुसऱ्या गावी बदली झाली म्हणून सांगते. त्याआधी तुझं उत्तर आलं तर बरं.

भाचीबाई


१८ जुलै

भाचीबाई,

मुळीच जायचं नाही. निदान हा रविवार नाही.

का ते ऐक. मामांनी रविवारी गटात डोळे तपासायचा सराव करायचं ठरवलंय. तक्ता कसा वाचायला सांगायचा, "उ-उजवा डोळा झाका" कसं म्हणायचं, सगळं. गिऱ्हाईक म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंय? बटणाला. तू गेलीस तर त्यांना वाटेल, आपल्यालाच टाळून गेली. दहाएक दिवसांत भागीदार जातील. तो पुतण्या काल दुकानात येऊन खुर्ची मागेपुढे सरकवून पाहून गेला. मामांनी ती परत जागेवर ठेवली, बोलले काही नाहीत. पण ठेवली.

मीही काही मजेत नाही. गटाचं आणि बटणाचं हल्ली ते मलाही थोडंफार सांगतात. काल जेवताना मी सहज म्हटलं, ती बटण की कोण फार रडवी दिसते. तर ते म्हणाले, "त-तिला नावं ठेवू नकोस. तिची जीभ अडते, हिंमत नाही अडत." माझ्याशी असं ते कधी बोलले नव्हते. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे जेवण गेलं नाही. आज शिवणखोलीत अभ्र्यांची दोन्ही तोंडं शिवून टाकली. परिचारिका म्हणाली, उशी कुठून घालू? अख्ख्या चळतीचे टाके उसवत बसले.

एवढा एक रविवार काढ. मग खुशाल बदली करून घे.

मामी


२१ जुलै

मामी,

तुझं पत्र शनिवारीच मिळालं, म्हणून मी थांबले. थांबायला नको होतं.

काल मामाचा सराव शेवटी होता. सुरुवातीला बाई म्हणाल्या, आज आधी सगळे मिळून वाचू. त्यांनी एक उतारा पाठवला आणि त्यांनी वाचलेलं त्याचं ध्वनिमुद्रण. ते कानाला लावायचं आणि त्याबरोबर सगळ्यांनी आपापल्या घरून मोठ्याने वाचायचं. मला वाटलं, ही परीक्षाच आहे. इतक्या दिवसांचं घोकलेलं सगळं पणाला लावलं. पहिल्याच शब्दाला अडखळले, चौथ्याला कोंडले, एक शब्द तर सोडूनच दिला. अगदी मन लावून केलं.

वाचन संपलं आणि माझं सोंग उघडं पडलं.

मामी, एकत्र वाचताना त्यांची जीभ अडत नाही. कोणाचीच नाही. सोबतीला दुसरा आवाज असला की ती सुटते. का, ते बाईंनाही पुरतं सांगता येत नाही, पण सुटते. म्हणूनच तर त्यांनी सगळ्यांना वाचायला लावलं होतं, जरा बरं वाटावं म्हणून. मामासुद्धा धडधड वाचून गेला. त्या सगळ्या वाहत्या आवाजांत मी एकटी अडखळत होते. हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक नसणारी तिथे मी एकटीच.

टपाल म्हणाला, "आ-आपल्यात कोणीतरी पाहुणा आहे." त्याच्या आवाजावरून मला कळलं, त्याला मुलीच्या नावाची गोष्ट आठवली. मग दोघं-तिघं एकदम बोलू लागले. मागच्या वेळचं ते टिपलेलं, पसरवलेलं, सगळं वर आलं. आता बाहेर पडावं, फोन बंद करावा, असं चाललं होतं.

आणि मामा बोलला. इतकं सलग तो बोललेला मी जन्मात ऐकलं नव्हतं. सलग म्हणजे तुला कळतंय, वाटेत किती वेळा थांबला ते मोजत बसण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, घाबरलेला माणूस कुठेही अडखळतो, तिला घाबरवलं तुम्ही. म्हणाला, मी हिला ओळखतो, हिच्या मशीनचा दोरा गुंततो तेही मला माहीत आहे. म्हणाला, "हि-हिची हमी मी घेतो. ही ख-खोटी निघाली तर मला काढा."

बाईंनी विषय थांबवला. सरावाचं राहूनच गेलं.

मी काय करू? मला लगेच लिही.

भाचीबाई


२४ जुलै

भाचीबाई,

काही करू नकोस. हात जोडते.

त्या दिवशी हे खोलीतून बाहेर आले ते तोंड धुऊन आल्यासारखे. म्हणाले, "आ-आज मी भांडलो." मी विचारलं, कोणाशी? म्हणाले, सगळ्यांशी. आणि आरशात बघून भांग पाडला, संध्याकाळी, कुठे जायचं नसताना. दुसऱ्या दिवशी दुकानात भागीदारांना म्हणाले, एक गिऱ्हाईक मला द्या. एक म्हातारबाबा होते, त्यांना कमी ऐकू येतं. यांना बोलायला कष्ट, त्यांना ऐकायला कष्ट. दोघांनी मिळून पूर्ण तक्ता वाचला म्हणे. भागीदार सांगायला घरी आले होते.

हे सगळं कशाच्या जोरावर चाललंय? एका माणसासाठी आपण उभे राहिलो, याच्या जोरावर. आता तू जाऊन सांगणार, की ते माणूसच नव्हतं? मग उभं राहून उपयोग काय झाला? परत पडद्यामागे जातील, आणि या वेळी पडदा स्वतः ओढून घेतील. आठवडाभर गप्प बस. भागीदार गेले, हे खुर्चीत बसले, की नंतर काय ते बघू. कधीच नाही सांगितलं तरी कोणाचं काय बिघडणार आहे?

माझंही यात अंग आहे, हे विसरू नकोस. तुला गळ मीच घातली होती. मलाही झोप लागत नाही.

मामी


२६ जुलै

मामी,

तू विचारलंस, कोणाचं काय बिघडणार आहे. ऐक.

या आठवड्यात गटात एक नवी मुलगी आली. 'ढग' तिचं टोपणनाव. कॉलेजातली असावी. तिने पहिला निरोप पाठवला, तो बराचसा सरळ आला. कोणाकोणाचं पहिल्यांदा येतं तसं, पाठ करून ठेवलेलं असतं. तर लोकांनी तिला विचारलं, खरंच अडखळतेस ना? मग काहीतरी न ठरवता बोलून दाखव. टपालने विचारलं, बाकीच्यांनीही. बाईंनी थांबवेपर्यंत तिने बोलून दाखवलं होतं. ती पोर अडखळली, खूप अडखळली, आणि तिकडून कोणीतरी म्हणालं, हं, ठीक आहे. तिने लगेच गट सोडला.

हे मी केलं, मामी. मागच्या त्या हसणाऱ्याने जे केलं त्याच्यापेक्षा काही वेगळं झालं नाही. तिथे येण्याआधी आता माणसाला अडखळून दाखवावं लागतं. जगात तेवढी एकच जागा होती जिथे ते दाखवायची गरज नव्हती.

आणि मामाची हमी. त्याने स्वतःला माझ्यावर टांगून ठेवलंय. उद्या कोणी तिसऱ्याने शोधून काढलं तर खोटा तो ठरेल. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून मी तुला न विचारता दोन गोष्टी केल्या. परवाच मामाला दुकानाच्या पत्त्यावर सगळं लिहून पाठवलं, आज त्याच्या हातात असेल. चारचौघांत कळायच्या आधी त्याला एकट्याला कळावं म्हणून. तुझं नाव मी घेतलेलं नाही, ते तुझं तू ठरव. आणि उद्या रविवारी गटात मी माझ्या आवाजात बोलणार आहे. बाईंना कळवलंय.

मला भीती वाटते. बदकसुद्धा आज दोनदा अडकलं.

भाचीबाई


३० जुलै

भाचीबाई,

तुझं हे पत्र मला सोमवारी मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

शनिवारी हे दुकानातून आले ते नेहमीच्या वेळेला. चपला नेहमीच्या जागी काढल्या. जेवले. मला वाटलं, बरं नसेल. रविवारी दार लावून बसले. आतून तुझा आवाज ऐकू आला, तुझा स्वतःचा, आणि मी हातातलं भांडं ठेवून दाराशी गेले. तू काय म्हणालीस ते सगळं कळलं नाही. 'माफ करा' एवढं कळलं. यांचा आवाज आला नाही. तू बोललीस, बाई बोलल्या, बाकीचे खूप वेळ बोलत होते. हे नाही.

तेव्हापासून बोलत नाहीत. तिथेही नाही, दुकानातही नाही, माझ्याशीही नाही. मी सोमवारी तुझं पत्र वाचलं आणि घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. मीच गळ घातली, मला पहिल्यापासून ठाऊक होतं, मी दाराआडून ऐकत होते. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मग उठून ते पातळ दार उघडझाप करून पाहिलं, आणि आत गेले.

उद्या भागीदार जाणार. पुतण्या सकाळपासून दुकानात आहे.

मी तुला बोल लावत नाही. तू म्हणतेस ते खरं असेल. पण मला माझा नवरा बोलताना हवा होता, आणि तीन आठवडे तो होता. एवढंच माझं म्हणणं आहे.

मामी


४ ऑगस्ट

भाचीस,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, आणि मग दिवसभर एकच काच घासत बसलो. ती वाया गेली.

माझी नक्कल पुष्कळांनी केली आहे. शाळेत मुलांनी केली, एका मास्तरांनीही केली, पुढे गिऱ्हाइकांनी केली. त्या सगळ्या मी दुरून ओळखायचो, कारण नकलेमागोमाग हसू यायचं. तुझ्या नकलेमागे हसू नव्हतं, म्हणून मी फसलो. तू मायेने केलंस हे मला समजतं. पण बाळ, ज्याची नक्कल होते त्याच्या कानाला दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

त्याहून एक गोष्ट जास्त लागली. ती बाई माझ्यामुळे सावरते आहे, असं मला वाटत होतं. माझ्या बोलण्याचा कोणाला उपयोग होतोय, हे मला नवीन होतं. मी तुझ्या मामीला शिवणकामाचे प्रश्न विचारत हिंडलो. आता कळतंय की तिला काही अडचणच नव्हती. स्वयंपाकाच्या वेळी लहान मुलाच्या हातात कणकेचा गोळा देऊन बसवतात, तसं तुम्ही दोघींनी मला बसवलं होतं. ही गोष्ट मी इतक्यात विसरणार नाही, तेव्हा लवकर माफीची अपेक्षा ठेवू नकोस.

गुरुवारी भागीदार निघताना म्हणाले, मग पुतण्याला बसवू ना? मी 'नाही' म्हणालो. तो एक शब्द यायला इतका वेळ लागला की त्यांची रिक्षा बाहेर भोंगा वाजवायला लागली. ते थांबले. शब्द आल्यावर गेले. पुतण्या पुढे आला आणि मला मोठ्याने समजावू लागला, की असं गिऱ्हाईक कसं टिकेल. मी म्हणालो, टिकेल ते टिकेल. हे मी तुझ्यामुळे केलं असं समजू नकोस. मी रागात होतो. राग माझाच होता, कोणी तयार करून दिलेला नव्हता, आणि तो जिभेवर आला तेव्हा मला तो आवडला. शुक्रवारपासून मी पुढे बसतो आहे. काही गिऱ्हाइकं परत गेली. काही थांबली.

आता गटाचं. काल तुझ्याबद्दलचा निर्णय होता, हे तुला ठाऊक आहे, पण तू तिथे नव्हतीस म्हणून लिहितो. तुला राहू द्यावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. स्वतःहून कबूल केलं, आवाजातलं जाणते, काही शिकवेल. टपालसुद्धा तुझ्या बाजूने बोलला. तो म्हणाला, त्याने घरी बायकोला ते नावाचं सांगून टाकलं, आणि ती हसली. माणूस भला आहे. बाईंनी त्या ढगालाही बोलावून घेतलं होतं. ती आली, पण गप्प होती.

मी तुझ्या विरोधात बोललो. आधी माझी हमी परत घेतली, आणि म्हणालो, मला काढायचं तर काढा, माझा शब्द तसा होता. ते कोणी मनावर घेतलं नाही. मग म्हणालो, ती माझी भाची आहे, मी तिला खेळवली आहे, ती वाईट नाही. पण ती इथे राहिली तर इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या आवाजाकडे आपण कान टवकारून ऐकू, खरा की खोटा म्हणून. या मुलीला आपण जे करायला लावलं ते परत करू. या मुलीला शिकवायला येणारे पुष्कळ मिळतील. तिच्याकडून पुरावा न मागणारे फक्त आपण आहोत. हे सगळं मी बोललो. कुठे कुठे अडकलो ते आता आठवत नाही. त्या मुलीने नंतर एक निरोप पाठवला, तो मी तुला सांगणार नाही. तो माझ्यासाठी आहे.

तर गटात तुला जागा नाही. ती मीच घालवली, हे तू दुसऱ्या कोणाकडून ऐकू नयेस म्हणून लिहिलं. तुझी मामी आठ दिवस माझ्याशी इतकी गोड वागते आहे की मला तिचीही भीती वाटायला लागली आहे.

माझा राग उतरलेला नाही. पुष्कळ शिल्लक आहे आणि तो मी इथे उतरवणार नाही. लिहायला लागलो की मी फार शहाणा होतो, शब्द मुकाट रांगेत येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं प्रकरण मिटलं. तुझ्याशी मला भांडायचं आहे, समोर बसवून, तोंडाने. शनिवारी दुकान बंद ठेवतो. तू सबंध दिवस मोकळा ठेवून ये.

तुझा मामा